शेवटच्या फेरीतलं रबर

पहिला ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस, केला तो कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर. दिवसभर गाडी पिटाळून संध्याकाळी लॉजवर परतलो, तर तिथल्या वॉचमननं वाकून टायर पाहिले आणि मोडक्या हिंदीत विचारलं, की नव्या डांबरावरून गाडी घातली का? त्याचं काही चुकलं नव्हतं. चारही टायरांवर काळे, चिवट पोपडे बसले होते. त्यांत बारीक खडी रुतली होती, एके ठिकाणी तर कुणाच्या तरी गाडीतून पडलेला केबल टायचा तुकडाही होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याची वाट धरली, तर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि पुढच्या चाकांच्या कमानीत ताडताड वाजायला लागलं. मी घाबरलो. अविनाशीच्या आसपास एक टायरचं दुकान दिसलं, तिथे थांबून चारही चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. थरथर गेली, जिवाला बरं वाटलं. कृष्णगिरी येईपर्यंत टायरवरचं रबर रस्त्यावर झडून गेलं आणि थरथर परत आली. साहजिकच होतं. ते बॅलन्सिंग मी चिकटलेल्या कचऱ्यासकट करून घेतलं होतं. कचरा गेला, त्याच्यासाठी लावलेली वजनं मात्र रिमवर तशीच राहिली.

हे सविस्तर सांगायचं कारण असं, की ट्रॅकवरून आलेले टायर पाहून बहुतेक जण माझ्यासारखीच घाई करतात. कुणी बॅलन्सिंगला धावतो, कुणी पेट्रोलचा बोळा घेऊन घासत बसतो, कुणी टायर संपले म्हणून नव्यांचे भाव विचारतो. प्रत्यक्षात त्या रबरापैकी बरंचसं आपल्या टायरचं नसतंच. ते आधी ओळखायचं. काढायचं की नाही, हे नंतर.

ट्रॅकवर जोरात वळताना टायरचा पृष्ठभाग सहज ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतो, मऊ मिश्रणाच्या टायरांचा तर शंभराच्या पुढेही जातो. तापलेलं रबर डांबरावर आडवं घासलं की त्याचा चुरा निघतो आणि चुऱ्याच्या वळ्या होतात. शाळेत खोडरबरानं वही खोडल्यावर कागदावर ज्या काळ्या वळ्या उरायच्या, त्याच या, फक्त आकारानं मोठ्या. शर्यतवाले त्यांना मार्बल्स म्हणतात, म्हणजे गोट्या. त्यांच्यावर चाक गेलं की गाडी गोट्यांवर पाय पडावा तशी सटकते. सगळ्या गाड्या साधारण एकाच रेषेवरून धावतात, त्यामुळे ती रेषा घासून स्वच्छ राहते आणि चुरा वळणांच्या बाहेरच्या अंगाला जाऊन साचतो. सकाळच्या पहिल्या सत्रात तो फारसा नसतो. दुपारपर्यंत वळणांच्या कडेला काळी पखरण दिसायला लागते. आदल्या दिवशी तिथे स्लिक, म्हणजे बिनखाचांच्या, टायरवाल्या फॉर्म्युला गाड्यांची शर्यत झाली असेल तर विचारायलाच नको. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर आणि कारीवर राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या होत असतात, त्यामुळे ट्रॅक डे शर्यतीला लागून आहे का, हे आयोजकांना आधीच विचारून ठेवावं.

आता हे रबर आपल्या टायरला कधी चिकटतं? जोरात चालवताना नाही. तेव्हा टायर इतका घासला जात असतो, की वर काही बसलं तरी पुढच्या दोन वळणांत निघून जातं. चिकटतं ते शेवटच्या, गाडी निववण्याच्या फेरीत. टायर अजून गोंदासारखा तापलेला असतो, पण त्याच्यावर जोर पडत नसतो. वेग कमी, मागून येणाऱ्यांना वाट द्यायची म्हणून आपण रेषा सोडून कडेनं चाललेलो, आणि कडेलाच तर तो सगळा चुरा पसरलेला. चिकटतो, घासून निघत नाही, पिटमध्ये उभ्या उभ्या थंड होऊन घट्ट बसतो. याला पिकअप म्हणतात. मराठीत काय म्हणावं? मी पोपडे म्हणतो.

फॉर्म्युला वनमध्ये हीच गोष्ट मुद्दाम करतात. शर्यत संपली की इंजिनिअर रेडिओवर चालकाला कडेचं रबर गोळा करायला सांगतो, कारण शर्यतीनंतर गाडीचं वजन होतं आणि टायर घासून गेलेले ग्रॅम तेवढेच भरून निघतात. 2024 च्या बेल्जियन ग्रां प्रीत जॉर्ज रसेल एकाच पिट स्टॉपमध्ये शर्यत काढून पहिला आला. मग वजन केलं तर गाडी 796.5 किलो भरली. किमान हवं होतं 798. दीड किलोपायी पहिला नंबर गेला आणि विजय लुईस हॅमिल्टनकडे आला. ती शर्यत झाली त्या स्पाच्या ट्रॅकवर शर्यतीनंतर गाड्या पूर्ण फेरी न मारता पहिल्या वळणानंतर लगेच पिटकडे वळतात, त्यामुळे तिथे असं रबर गोळा करायला वावच नसतो. फॉर्म्युला वनवाल्यांना जे हवं असतं ते आपल्याला नको असतं. म्हणजे ते करतात त्याच्या उलट आपण वागायचं.

उलट म्हणजे कसं, ते सांगतो, कारण निम्मं काम इथेच होतं. चेकर्ड झेंडा दिसल्यावर वेग साठ-सत्तर टक्क्यांवर आणा, ब्रेक जवळजवळ वापरू नका, पण रेषा सोडू नका. वळणात आत जाऊन बाहेर पडताना गाडी नेहमीच्या जागेवरूनच न्या, फक्त हळू. मागून कुणी येत असेल तर वाट सरळ रस्त्यावर द्या. तिथे कडेला चुरा कमी असतो, वळणाच्या बाहेरच्या अंगाला सर्वांत जास्त. टीव्हीवर पाहिलेलं नागमोडी चालवणं इथे करू नका. ते लोक शर्यतीआधी टायर तापवण्यासाठी आणि शर्यतीनंतर रबर गोळा करण्यासाठी तसं चालवतात. तुम्हाला दोन्ही नको आहे. पिटमध्ये थांबल्यावर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली ठोकळा लावा. याचा रबराशी संबंध नाही, तापलेल्या ब्रेकशी आहे, पण विषय निघालाच आहे.

आणि सत्र चालू असतानाच कडेला जाऊन टायर माखले तर? पुढची दोन वळणं जपून घ्या. पकड जाते, आणि ती एकदम जाते. त्यानंतर एक फेरी गुळगुळीत पण दाबून चालवली, म्हणजे लांब वळणांत जोर सावकाश वाढवत नेला, की टायर स्वतःच स्वच्छ होतात. झटके देऊन काही होत नाही. फेरी-दीड फेरीनंतरही थरथर गेली नाही तर मात्र पिटमध्ये या, कारण मग ते बहुधा रबर नसतं.

टायर पाहायचा कसा, यावर थोडं थांबायला हवं. गाडी उभी राहिल्यावर पाच मिनिटांत, टायर गरम असतानाच, हातमोजा घालून ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, बोट फिरवा. वर बसलेला पोपडा वेगळा कळतो. त्याचा काळेपणा जरा निराळा असतो, कडा सुटी असते, नखानं उचलली तर साल निघावी तशी निघते आणि खाली टायरचा सपाट पृष्ठभाग दिसतो. हे दुसऱ्याचं रबर. पण नखानं काही निघत नसेल आणि टायरवर आडव्या, बारीक, समुद्रकाठच्या वाळूवर उमटतात तशा लाटा दिसत असतील, तर ते ग्रेनिंग. तिथे तुमच्याच टायरचा वरचा थर सरकून गोळा झालेला असतो. बहुतेक वेळा याचं कारण टायर पुरेसा तापायच्या आतच त्याच्याकडून जास्त काम मागणं, किंवा पुढची चाकं वळवून गाडी नुसती ढकलत नेणं. तिसरा प्रकार ब्लिस्टरिंग. यात रबर आतून अति तापून फोड येतात आणि फुटून खड्डे पडतात. खड्डा दिसला की खरवडण्याचा प्रश्नच संपला, टायर किती काळ वापरायचा हा प्रश्न सुरू होतो. आणि खांद्यावरून, म्हणजे ट्रेड संपून बाजूची भिंत सुरू होते तिथून, रबराचे ढेकळासारखे तुकडे उडाले असतील तर साध्या रस्त्याच्या टायरनं ट्रॅकवर हात टेकले एवढाच अर्थ घ्यावा.

पुढच्या डाव्या टायरवर ग्रेनिंग आणि बाकी तीन टायरांवर नुसते पोपडे, असं चित्र पहिल्या वर्षी माझ्या गाडीवर नेहमी असायचं. चारही मी एकाच पट्टीनं खरवडत होतो. एकदा पिटमधल्या एका वयस्कर मेकॅनिकनं, सगळे त्याला अण्णा म्हणायचे, माझ्या हातातली पट्टी काढून घेतली आणि पुढच्या चाकाकडे बोट दाखवून म्हणाला, की हे टायरचं दुखणं नाही, तुझ्या स्टिअरिंगचं आहे. त्यानंतर मी वळणात आत शिरताना स्टिअरिंग कमी आणि उशिरा फिरवायला शिकलो. तो टायर पुढे वर्षभर टिकला.

एकदा ओळख पटली, की काढायचं की नाही हे पुढे काय करायचंय त्यावर ठरतं. त्याच दिवशी पुढचं सत्र असेल तर फारसं काही करू नका. गाडी थांबताच, टायर गरम असतानाच, मोठे पोपडे आणि रुतलेली खडी हातमोजा घालून उपटून टाका. बोथट लाकडी पट्टी फिरवली तरी पुरे. थंड झाल्यावर तेच रबर दहापट हट्टी होतं. बाकीचं पुढच्या सत्राच्या पहिल्या फेरीत जातं, फक्त ती फेरी जपून मारायची. हात चाकांच्या आत घालताना मात्र सांभाळा, ब्रेकची डिस्क तेव्हा काही शे अंशांवर असते.

त्याच टायरवर घरी यायचं असेल, तर खरवडण्यापेक्षा दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक हवा. ट्रॅकवर आपण थंड टायरमध्ये 28 पीएसआय भरतो आणि तीस अंशांचा टायर ऐंशीवर गेला की तीच हवा 35 च्या आसपास दाखवते. साधारण दहा अंशांना दीड पीएसआय धरा. दुपारी गरम टायर 34 वर आणून ठेवला, तर रात्री थंड झाल्यावर तो 27 वर येणार. सकाळी तसंच निघू नका. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा, डिकीत चार जणांचं सामान असेल तर त्यासाठी दिलेला आकडा पाहा.

दुसरी गोष्ट पाऊस, आणि ही मी हसण्यावारी नेऊ देणार नाही. टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात. पोपड्यांनी त्या भरल्या की टायर ओल्या रस्त्यावर पाण्यावरून तरंगायला लागतो, आणि ट्रॅक डे करून आलेल्या टायरच्या खाचा मुळातच उथळ झालेल्या असतात. कोइम्बतूर कोरडं असेल, पण पुण्यापर्यंत अकराशे-बाराशे किलोमीटर आहेत. बेळगावपासून खंबाटकीपर्यंत पावसाळ्यात कुठेही झोडपून निघू शकता. चेन्नईला जायचं तर ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला पावसाळा. तेव्हा कोरड्या हवेत बाकीचे पोपडे राहू द्या, रस्ता ते घासून काढतो. पण पावसाची शक्यता असेल तर निघण्याआधी निदान चारही टायरांच्या लांब खाचा मोकळ्या करा. बोथट स्क्रूड्रायव्हर किंवा लाकडाची अणकुचीदार काडी पुरते. खाचेच्या तळाशी आडवा उंचवटा असतो, तो 1.6 मिलिमीटर उंचीचा झिजेच्या खुणेचा पट्टा. रबर त्याच्या पातळीला आलं असेल तर त्या टायरवर पावसात घरी येऊ नये. स्टेपनी लावा, तिथे टायर विकत घ्या, गाडी ट्रकवर टाका, काहीही करा.

खडी उपटताना खिळाही सापडतो कधीकधी. तो तिथेच ओढून काढू नका. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा आणि पंक्चरवाला समोर असेल तेव्हाच काढा.

आता खरवडण्याचा खरा कार्यक्रम. तो लागतो तेव्हा, जेव्हा ट्रॅकसाठी चाकांचा वेगळा संच असतो. ते टायर रस्त्यावर घासले जात नाहीत, पोपड्यांसकट महिनाभर गॅरेजात पडतात आणि पुढच्या वेळी पहिली दोन सत्रं थरथरत जातात. शिवाय टायर किती उरलाय हे मोजायचं असेल तर पोपडे काढावेच लागतात. स्लिक टायरला खाचा नसतात, झीज कळण्यासाठी पृष्ठभागावर बारीक भोकं असतात, आणि तीच आधी बुजतात.

लागतं ते एवढंच. एक हीट गन, हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती. पुट्टी भरायची दोन-अडीच इंची पोलादी पट्टी. तिचे दोन्ही कोपरे कानशीनं गोल करून घ्या, हे विसरलात तर पहिल्याच टायरवर चरे पडतील. चामड्याचे हातमोजे, चष्मा, मास्क. जमल्यास इन्फ्रारेड थर्मामीटर. चाक गाडीवरून काढून जुन्या स्टुलावर आडवं टाका किंवा दोन विटांमध्ये उभं करा. गाडी जॅकवर असताना चाक फिरवत बसू नका.

हीट गन पंधराशे ते दोन हजार वॉटची असते. सोसायटीच्या पार्किंगमधला साधा सहा अँपिअरचा प्लग ती जाळून टाकते. माझ्या हातून एकदा आख्ख्या मजल्याचा दिवा गेलेला आहे. सोळा अँपिअरचा पॉइंट शोधा. जागा मोकळी हवी, कारण तापलेल्या रबराचा वास आणि धूर छातीत भरण्यासारखा नाही. जवळपास पेट्रोलचा कॅन, थिनर, रंगाचे डबे नकोत.

गन कमी तापमानावर ठेवा आणि टायरपासून वीतभर नाही, पण चार बोटं तरी लांब धरा. एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्या. गन सतत हलवत राहा, इस्त्री फिरवतो तशी. दहा-पंधरा सेकंदांत पोपड्यावर किंचित चकाकी येते आणि त्याची कडा उचलल्यासारखी होते. तो क्षण पकडायचा. पट्टी टायरला जवळजवळ समांतर ठेवून परिघाच्या दिशेनं पुढे ढकलायची. बरोबर तापलं असेल तर पोपडा घावन तव्यावरून सुटतं तसा एका दमात सुटतो. जोर लावावा लागला तर अजून तापलं नाही. धूर आला तर जास्त तापलं, खालचं रबर भाजतंय. थर्मामीटर असेल तर पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर नेऊ नका. ट्रॅकवर तो तितका तापतोच, त्यामुळे तेवढ्यानं टायरचं काही बिघडत नाही, पण गनमधून निघणारी हवा तीनशेच्या वर असते हे लक्षात ठेवा. एका जागी अर्धं मिनिट रोखून धरलीत तर टायरच्या त्या भागाची पकड गेली म्हणून समजा.

सुटलेलं रबर पट्टीलाही चिकटतं. दर दोन-तीन घावांनंतर पट्टी फडक्यानं पुसा, नाहीतर एका जागचं काढून दुसरीकडे सारवत बसाल. पहिल्या टायरला वीस मिनिटं लागतात, चौथा दहात होतो. बाजूच्या भिंतीला हात लावायचा नाही. तिथलं रबर पातळ असतं, आणि तिथे चिकटलेल्या पोपड्यानं काही बिघडत नाही. सगळं आरशासारखं करायचाही हट्ट नको. बोट फिरवल्यावर अडखळलं नाही की झालं.

काय करू नये, ते थोडक्यात. पेट्रोल, डिझेल, थिनर, रॉकेल टायरवर नको. ते पोपड्याबरोबर टायरचं रबरही फुगवतं आणि मऊ करतं. गॅसची ज्योत नको. ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावून तर मुळीच नको. पोपडा राहतो, टायर जातो. टायर चमकवायचं पॉलिश ट्रेडवर लावणारे महाभाग मी पाहिलेले आहेत. त्यांच्या पुढच्या दोन फेऱ्या प्रेक्षणीय असतात.

कुठल्या टायरला किती चिकटतं, हेही टायर घेतानाच ठरलेलं असतं. अनेक टायरांच्या बाजूवर ट्रेडवेअर असा शब्द आणि पुढे आकडा असतो. रस्त्यावरच्या नेहमीच्या टायरांना तो तीनशे-चारशेच्या घरात सापडतो, ट्रॅकसाठी बनवलेल्यांना दोनशे किंवा कमी. आकडा लहान तितकं मिश्रण मऊ, पकड चांगली आणि पोपडेही जास्त. म्हणून नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं साध्या टायरवरच दोन-तीन ट्रॅक डे करावेत असं मी सांगतो. पोपडे कमी येतात हा त्यातला लहान फायदा. पकड कमी असल्यानं चुका हळू आणि आधी कळतात, हा मोठा.

सगळं खरवडूनही थरथर राहिली तर बॅलन्सिंगला जाण्याआधी चाक काढून रिमच्या आतली बाजू पाहा. टायरनं भिरकावलेलं रबर तिथे, ब्रेकच्या गरमीत, अगदी भाकरीसारखं थापून बसतं आणि बाहेरून दिसत नाही. शंभर ग्रॅमचा गोळा मी एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिलाय, आणि त्यावरून घरात काय झालं ते इथे लिहीत नाही. अलॉयच्या आत चिकटपट्टीनं लावलेली वजनं गरमीनं सुटून पडतात, हेही तिथेच कळतं. ट्रॅकवर जाण्याआधी त्यांच्यावर अ‍ॅल्युमिनियमची टेप मारून घ्यावी. आत स्वच्छ आहे, वजनं जागेवर आहेत, तरी चाक वेगाबरोबर लयीत धाडधाडतंय, तर ब्रेक लॉक होऊन टायर एका जागी सपाट झालाय. ट्रेडवर हात फिरवला की तो चट्टा लागतो. त्याला खरवडणं नाही आणि बॅलन्सिंगही नाही.

गाडीच्या रंगावर, मागच्या दारांखाली आणि बंपरवर काळ्या रेघा उठतात त्यांची फार काळजी करू नये. डांबर काढायचं द्रावण मिळतं, ते मऊ फडक्यावर घेऊन मिनिटभर ठेवावं, पुसावं, मग शांपूनं धुवावं. आधी एका कोपऱ्यावर करून पाहा, पुन्हा रंगवलेली दारं असतील तर विशेष. चाकांच्या कमानीतलं रबर हातानं निघतं.

चाकं परत चढवताना नट चांदणीच्या क्रमानं, गाडी खाली उतरवून, टॉर्क रेंचनं गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर आवळा आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. कुठला टायर कुठल्या बाजूचा हे काढतानाच आतून खडूनं लिहून ठेवलेलं असेल तर बरं.

आणि खाली पडलेलं झाडून घ्या. चार टायरांचं मिळून सुपलीभर निघतं. आमच्याकडे कचरा गोळा करणाऱ्या ताईंनी पहिल्यांदा ते ओल्या कचऱ्याच्या बादलीत पाहिलं तेव्हा बादली तिथेच ठेवून मला खाली बोलावून घेतलं होतं. ते सुक्यात जातं.